आवळला की कळतो : मिलिंगच्या व्हाईसच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

डोलत्या सिलिंडरचं वाफेचं छोटं इंजिन करायला घेतलंय. पुतणीला दिवाळीत कबूल केलं होतं, संक्रांत आली तरी ठोकळाच पुढ्यात आहे.

या इंजिनाला वेगळी झडप नसते. सिलिंडर स्वतःच एका खिळीवर झुलतो आणि त्याची एक सपाट बाजू उभ्या पाटीवर घासत राहते. पाटीतलं भोक आणि सिलिंडरचं भोक समोरासमोर आलं की वाफ आत जाते, सिलिंडर दुसरीकडे झुकला की तीच वाफ बाहेर. सगळी भिस्त त्या घासणाऱ्या बाजूवर. ती आतल्या बोअरला (पिस्टन सरकतो त्या भोकाला) समांतर नसेल तर वाफ फटीतून जाणार आणि इंजिन नुसतं फुसफुसणार.

पितळेचा ठोकळा, ४० बाय ३० बाय २५ मिमी, मिलिंग मशीनच्या व्हाईसमध्ये, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) धरायच्या शिकंज्यात, धरला. आज चार बाजू मारल्या (कापून सपाट केल्या), ५० मिमीच्या फ्लाय कटरने (फिरतं, एका पात्याचं), एका फेरीत अख्खी बाजू. फिनिश आरशासारखा आला म्हणून खूश होतो. मग मायक्रोमीटर लावला. २५ चं माप एका कडेला २५.०६, दुसऱ्या कडेला २४.९८. गुण्या लावून खिडकीकडे धरला तर खालून उजेड दिसतो.

एक गोष्ट लिहून ठेवतो, पुढे लागेल : पातळ कड दर वेळी मूव्हिंग जॉच्या (व्हाईसच्या सरकत्या जबड्याच्या) बाजूची आहे. ठोकळा उलटा फिरवून दुसरी जोडी मारली, तरी तसंच. चूक आहे, पण ठरलेल्या दिशेची आहे. अशी चूक सापडते.

१२ जानेवारी, रविवार

व्हाईसवर आळ घेण्याआधी मशीन तपासलं. माझं बेंचवरचं छोटं मिल, टेबल जेमतेम १४० मिमी रुंद. व्हाईस उतरवला, स्पिंडलमध्ये (कटर धरणाऱ्या फिरत्या दांड्यात) लिव्हर डायल धरला (काट्याचं बारीक मापक, शेजारचे नाना त्याला पपी म्हणतात, सगळी टूलरूम म्हणते) आणि १२० मिमीच्या वर्तुळात फिरवला. डावी-उजवी ०.०२. पुढे-मागे ०.०४, कॉलम (मशीनचा उभा खांब) किंचित पुढे झुकलेला. १२० मध्ये ०.०४ म्हणजे माझ्या २५ मिमीच्या ठोकळ्यात ०.००८. चूक ०.०८ ची आहे, तिच्या दहाव्या हिश्शासाठी कॉलम सोडवत बसणार नाही. मशीन सुटलं.

मग व्हाईस. बिडाचा, १०० मिमी जॉचा, खाली फिरता बेस. सहा वर्षांपूर्वी मशीनबरोबरच घेतलेला, "मिलिंग व्हाईस" असं बिलावर लिहिलेलं. आतल्या बेडवर (जॉब टेकतो त्या तळावर) डायल फिरवला : ८० मिमीत ०.०२. वाईट नाही. फिक्स जॉचा (न हलणाऱ्या जबड्याचा) वरचा काठ, एक्सला (टेबलाच्या डाव्या-उजव्या चालीला) समांतर : ठीक. मला कळेना की सगळं बरं दिसतंय तर ०.०८ येतात कुठून.

संध्याकाळी शेजारचे नाना चहाला आले. टेल्कोच्या टूलरूममध्ये हयात गेली, आता निगडीच्या बागेत चकरा मारतात. सगळे आकडे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अरे, मोकळा व्हाईस काय मोजतोस? जॉब धर, आवळ, आणि आवळताना काटा बघ."

ठोकळा धरला. डायल ठोकळ्याच्या वरच्या बाजूवर, मूव्हिंग जॉकडच्या कडेला. हँडल फिरवलं. काटा शांतपणे सात घरं चढला. ०.०७. नायलॉनच्या हातोडीने वरून दोन टोले दिले, ०.०३ पर्यंत खाली आला, पण जॉबखालची पॅरलल (टेकूची समांतर पट्टी) बोटाने हलत होतीच.

नानांनी मग डायल काढून फिक्स जॉच्या पाठीवर लावायला सांगितला. "हा फिक्स आहे ना? बघू किती फिक्स आहे." पुन्हा आवळला. फिक्स जॉ मागे गेला, ०.०३.

चहा गार झाला.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सुट्टी टाकली होती, तिळाच्या वड्या खात कागदावर आकृती काढली.

व्हाईसचा स्क्रू खाली असतो, जॉब वर असतो. स्क्रू मूव्हिंग जॉला तळाशी ढकलतो, जॉब त्याला वरच्या अंगाला अडवतो. मग जॉ पुढे सरकण्याऐवजी मागे कलंडायला बघतो, आणि त्याचं तोंड वर उचलतं. जॉखालच्या पट्टीत जितका खेळ, तितका तो उचलतो. आणि घट्ट धरलेला असतो म्हणून जॉबलाही बरोबर उचलतो. पट्ट्या कितीही घट्ट केल्या तरी सरकण्यापुरता खेळ ठेवावाच लागतो. म्हणजे या घडणीच्या व्हाईसमध्ये ही खोड जन्मजात आहे, माझाच खराब निघाला असं नाही.

फिक्स जॉचं दुखणं निराळं. बेड पातळ आणि बिडाचा; आवळलं की वरून ताणला जातो आणि धनुष्यासारखा वाकतो, जॉ बाहेर कलतो. त्यात फिरत्या बेसमुळे खाली आणखी एक सांधा.

नानांची जुनी युक्ती करून पाहिली. मूव्हिंग जॉ आणि जॉब यांच्यामध्ये १० मिमीचा गोल रॉड आडवा, पकडीच्या साधारण मध्यावर. रॉड एका रेषेतच टेकतो, त्यामुळे मूव्हिंग जॉ कसाही कलंडला तरी जॉबला पिळत नाही. जॉबची मागची बाजू फिक्स जॉवर सपाट बसते. चूक ०.०८ वरून ०.०३ वर आली. उरलेले ०.०३ फिक्स जॉचे, तिथे रॉड काही करू शकत नाही.

०.०३ वर इंजिन चालेलही कदाचित. पण मला आता चीड आली आहे.

१९ जानेवारी, रविवार

काय घ्यायचं याचा विचार. सकाळभर पुठ्ठे कापले. सांगतो कशाला.

पहिला मोह सहा इंची व्हाईसचा. अमेरिकेत मिनियापोलिसच्या कर्ट कंपनीने रूढ केलेली घडण : मूव्हिंग जॉच्या पोटात अर्ध्या गोळ्यासारखा तुकडा असतो आणि तो नटाच्या तिरप्या तोंडावर टेकतो. नट पुढे ओढला की जॉ पुढे तर जातोच, शिवाय त्या उताराने खालीही दाबला जातो. कंपनी सांगते की पुढे जेवढा दाब त्याच्या निम्मा खाली. जॉ उचलण्याच्या दुखण्यावर हा थेट इलाज आहे, आणि जगभर त्याच्या नकला निघाल्या त्या उगाच नाहीत. आपल्याकडच्या टूलरूममध्ये एम-वन-टीआर नावाच्या मोठ्या मिलिंग मशीनवर असाच व्हाईस बसलेला असतो.

पण एम-वन-टीआरचं टेबल वेगळं आणि माझं वेगळं. सहा इंची व्हाईसचं वजन पस्तीस किलोच्या घरात. माझ्या टेबलाच्या गिबवर (सरकत्या सांध्यातल्या पट्टीवर) ते कायमचं बसवणं म्हणजे गाढवाच्या पाठीवर हत्तीचा हौदा. पुठ्ठ्याचा तेवढा खोका करून टेबलावर ठेवला, तर पुढे-मागे दोन्हीकडे बाहेर आला, आणि टेबल मागे सरकवल्यावर कॉलमला धडकला. चार इंची नक्कल ठेवून पाहिली (म्हणजे तिचा खोका). मावते. पण तिची उंची आणि मग त्यावर पॅरलल, जॉब, फ्लाय कटर, चक... ड्रिल चक लावला तर १० मिमीचा ड्रिल जॉबच्या वर मावत नाही. झेडची (टेबलापासून वरची) उंची माझ्याकडे २८० मिमीच आहे.

दुसरा पर्याय टूलमेकर्स व्हाईस. याला लांब स्क्रू नसतो. सगळ्या बाजूंनी ग्राइंड केलेला, हार्डन केलेला पोलादी ठोकळा. बेडच्या खाली खाचांची रांग. मूव्हिंग जॉमधून एक एलन बोल्ट ४५ अंशात तिरपा खाली जातो आणि त्याच्या टोकाची आडवी पिन खाचेत अडकते. बोल्ट आवळला की जॉ एकाच वेळी पुढे आणि खाली ओढला जातो. उचलायला जागाच नाही. बुटका, हलका, झेड वाचवणारा.

तोटे : जॉब बदलला की पिन काढून दुसऱ्या खाचेत घाला, मग आवळा. दिवसाला शंभर नग काढायचे असतील तर माणूस वेडा होईल. मी महिन्याला पाच काढतो.

फिरता बेस नको हे मात्र पक्कं. सहा वर्षांत तो तीनदा फिरवला असेल, आणि उंची रोज खातोय.

२२ जानेवारी, बुधवार

जुना बाजार. बुधवार-रविवार भरतो, रविवारी गर्दीत वाकून बघता येत नाही म्हणून अर्धा दिवस रजा. एक मेड इन इंग्लंड व्हाईस दिसला, अंगाने भारदस्त, छाती दडपेल असा. फडक्याने पुसला तर बेडवर ड्रिलचे अकरा खड्डे आणि फिक्स जॉ वेल्डिंग केलेला. विकणारा म्हणाला, "साहेब, लोखंड बघा, लोखंड." लोखंड छानच होतं. दोनशेला एक व्ही-ब्लॉक घेऊन परत.

२ फेब्रुवारी, रविवार

ऑनलाइन मागवलेला टूलमेकर्स व्हाईस आला. ७३ मिमी जॉ, उघडतो १०० मिमी. खोक्यात तपासणीचा कागद : बेड तळाला समांतर, १०० मिमीत ०.००५, जॉ काटकोनात, ०.००५. सही आहे, तारीख नाही. कागद झेरॉक्स आहे आणि झेरॉक्सचीही झेरॉक्स आहे.

मोजणी या वेळी शहाणपणाने केली. पद्धत तपशिलात लिहितो, कारण यात मी दोनदा फसलो.

ग्रॅनाइटच्या प्लेटवर व्हाईस. डायल ०.००२ चा. बेडवर फिरवला : ०.००४. शाब्बास.

आता फिक्स जॉ. तो काटकोनात आहे का हे बघायला आधी मिलच्या स्पिंडलमध्ये डायल धरून हेड खाली-वर केलं होतं. चूक. त्यात कॉलमचा कल मिसळतो. जॉ मोजतोय की कॉलम, कळत नाही. मग गुण्या लावला. गुण्या माझ्या आजोबांच्या वयाचा, त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा?

नानांनी सांगितलेली रीत अशी. एक ग्राइंड केलेला ठोकळा घ्यायचा, माझ्याकडे १-२-३ इंचाचा आहे. तो फिक्स जॉला लावून गोल रॉडने धरायचा, बेडला टेकू द्यायचा नाही, खाली फट ठेवायची. म्हणजे ठोकळा फक्त फिक्स जॉचंच ऐकतो. मग स्टँड ग्रॅनाइटवर ठेवून ठोकळ्याच्या वरच्या बाजूवर जॉपासून लांब असा डायल फिरवायचा. जॉ कलला असेल तर वरची बाजू तेवढीच उतरती किंवा चढती दिसते. नंतर ठोकळा उभ्या आसाभोवती अर्धा फिरवून पुन्हा मोजायचं. ठोकळ्याची स्वतःची चूक आता उलट्या चिन्हाने येते. दोन आकड्यांची सरासरी ती व्हाईसची चूक, फरकाच्या निम्मी ती ठोकळ्याची. ठोकळा खरा आहे हे कुणाच्या कागदावरून मानायची गरज उरत नाही.

५० मिमीत ०.०२८ आणि ०.०३२. व्हाईस ०.०३, ठोकळा ०.००२. ठोकळ्याला नमस्कार.

हे हलकं आवळून. बोल्ट नेहमीच्या ताकदीने आवळल्यावर ०.०४५.

जॉ उचलत मात्र नाही. डायल ढिम्म. म्हणजे घडण बरोबर, बनवताना ग्राइंडिंग कुणीतरी घाईत उरकलंय. मी सरफेस ग्राइंडिंगवाल्याकडे नेऊन फिक्स जॉ पुन्हा मारून घ्यावा का, असाही विचार आला. भोसरीत ओळखीचे आहेत. पण नव्या वस्तूला लगेच दवाखान्यात न्यायचं? परत पाठवला. (नंतरची भर : पैसे सहा दिवसांत आले, तक्रार नाही.)

८ फेब्रुवारी, शनिवार

स्कूटरच्या पायापाशी ग्रॅनाइटची छोटी प्लेट (नऊ किलो, चादरीत गुंडाळून), पिशवीत डायल, मॅग्नेटिक स्टँड, १-२-३ ब्लॉक, रॉड. मागे नाना, मांडीवर डब्यासारखी ती पिशवी. टेल्को रोड.

दुकानदार तरुण पोरगा. प्लेट काउंटरवर ठेवली तेव्हा त्याने आधी वर बघितलं, मग नानांकडे.

"काका, कंपनीचं सर्टिफिकेट आहे याला."

"असू दे की," नाना म्हणाले. "आम्ही फक्त सर्टिफिकेट खरं आहे का बघतो. तुझाच फायदा. पुढच्या गिऱ्हाइकाला आमचं नाव सांग."

पोरगा हसला आणि चार नग काढून दिले. तीन ७३ चे, एक १०० चा. प्रत्येक नग आधी पुसून, तळावर ऑइलस्टोन हलकेच फिरवून (गंजरोधक तेलाखाली एक बारीक कण असला तर सगळी मोजणी बाद), मग प्लेटवर. नंतर आवळून.

पहिला : बेड ०.००६, जॉ ०.०१८, आवळून ०.०३. दुसरा : बेड छान, पण मूव्हिंग जॉची कड फिक्सला समांतर मिटत नाही, एका टोकाला सिगारेटचा कागद जातो. तिसरा : बेड ०.००३, जॉ ०.००५, आवळून ०.००८. १०० चा : बेड ०.००४, जॉ ०.००६, आवळून ०.००७.

चारही एकाच खोक्यात, एकाच छापाच्या कागदासह, एकाच भावपट्टीवर. निवड म्हणतात ती ही. कोणती कंपनी घ्यायची याच्यावर मी तीन आठवडे डोकं घालवलं, आणि एकाच कंपनीच्या दोन नगांत जॉचा फरक साडेतीन पट.

मग काउंटरवरच वाद. नानांचं म्हणणं १०० चा घे : "लहान काम मोठ्या व्हाईसमध्ये होतं, मोठं काम लहानात होत नाही." खरं आहे. आणि आवळल्यावर तो कमी वाकला, हेही खरं, अंगानेच जाड. पण वजन अकरा किलो, लांबी २४५, टेबल १४०. दोन्ही बाजू मिळून शंभरेक मिमी बाहेर लोंबणार, आणि बाहेर लोंबणाऱ्या भागावर फ्लाय कटर आदळला की थरथरणार टेबल, व्हाईस नाही. पुठ्ठा आठवला. माझा सगळ्यात मोठा जॉब आजवर ६० मिमीचा.

तिसरा घेतला. ७३ चा. सहा हजार आठशे, जीएसटी धरून. नाना वाटेत बोलले नाहीत. आकुर्डीला वडापाव खाल्ल्यावर म्हणाले, "ठीक आहे. तुझं मशीन तुला माहीत."

१६ फेब्रुवारी, रविवार

वाटलं होतं आज ठोकळा मारू. अख्खा दिवस व्हाईस बसवण्यात गेला.

या व्हाईसला कान नसतात, बोल्टची भोकं नसतात. दोन्ही अंगांना लांबट खाच असते, तिच्यात क्लॅम्पचं नाक घालायचं. क्लॅम्प सेटमधले क्लॅम्प उंच. फ्लाय कटर त्यांच्या नटांवर आपटला असता. १६ मिमी ईएन-८ पोलादाच्या पट्टीतून दोन बुटके क्लॅम्प करवतीने आणि कानशीने काढले, नाक खाचेच्या मापाचं. तीन तास. हात दुखतोय.

बसवून आवळले आणि सवय लागलीय म्हणून बेडवर डायल ठेवून आवळले. काटा हलला. ०.०१२.

जॉब नाही, जॉ मोकळा, नुसते तळाचे क्लॅम्प आवळले तर बेड वाकतोय. ०.००३ चा व्हाईस चारपट बिघडवून मी स्वतःच टेबलावर बसवत होतो.

तळ कुठे टेकतोय ते बघायला निळा रंग तळाला पुसट लावून व्हाईस टेबलावर हलकेच सरकवला. टेबलावर डाग फक्त टी-स्लॉटच्या (क्लॅम्पचे बोल्ट अडकवायच्या खाचेच्या) दोन्ही कडांवर. बाकी कोरं. कारण कळलं : टी-बोल्ट वर्षानुवर्षं आवळून स्लॉटच्या कडा किंचित वर आल्यात, शिवाय एके ठिकाणी पाना पडल्याची खूण, तिचा कंगोरा. व्हाईस त्या कडांवरच टेकलेला आणि क्लॅम्प त्याला टोकांना खाली ओढत होते.

कानस नाही लावली. मोठा ऑइलस्टोन सपाट धरून, रॉकेल टाकून, फक्त वर आलेलं तेवढंच घासलं. पाऊण तास. पुन्हा निळा. आता डाग सगळीकडे, विरळ पण सगळीकडे. क्लॅम्प खाचेच्या टोकांवरून काढून समोरासमोर मध्यावर घेतले. आवळले : ०.००३.

जुन्या व्हाईसचे सहा वर्षांतले किती दोष या कडांचे असतील देव जाणे. त्याच्याबद्दल आता थोडं वाईट वाटतंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

फिक्स जॉ एक्सला समांतर लावला. एक क्लॅम्प बोटभर घट्ट, दुसरा जरा सैल; डायल स्पिंडलमध्ये, टोक जॉवर; टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फरक ०.०४ आला तर सैल बाजूला टोला देऊन ०.०४ सगळा काढायचा नाही, कारण व्हाईस फिरताना शून्याची जागाही फिरते. थोडं मारा, पुन्हा पहिल्या टोकाला जाऊन शून्य करा, पुन्हा बघा. पहिल्यांदा वीस मिनिटं लागली. ७० मिमीत ०.००४ वर सोडलं. व्हाईसखाली 'की' (टेबलाच्या खाचेत बसून व्हाईस सरळ ठेवणारी पट्टी) नाही, त्यामुळे दर वेळी हे करावं लागणार. नाना म्हणतात, 'की' असली तरी डायल लावायचाच असतो, मग 'की' कशाला.

नवीन पितळी ठोकळा. क्रम लिहून भिंतीवर चिकटवला :

कच्ची बाजू फिक्स जॉवर नुसती, वरची म्हणजे पहिली मारली. ती मारलेली बाजू फिक्स जॉला, समोरून रॉड, दुसरी मारली. आता दोघी काटकोनात. तीच पहिली बाजू फिक्स जॉलाच, दुसरी खाली पॅरललवर, तिसरी मारली. मग पहिली खाली, दुसरी फिक्स जॉला, रॉडशिवाय, चौथी. दर वेळी कंगोरे कानशीच्या एका हाताने उडवायचे, बेड ब्रशने झाडायचा (हवेने नाही, कीस खाचांत घुसतो). पॅरललच्या खाली चार कोपऱ्यांत कागदाच्या पट्ट्या ठेवून ओढून पाहिल्या : चारही अडकल्या. जुन्या व्हाईसमध्ये हा आनंद कधी मिळाला नव्हता.

मापलं. २५ मिमीत ०.०१.

०.०८ वरून ०.०१. पेढे मागवायला हवे होते, पण पातळ कड पुन्हा मूव्हिंग जॉचीच. मूव्हिंग जॉ तर उचलत नाही, डायलने पुन्हा पाहिलं, नाही उचलत. हे ०.०१ कुणाचे?

रात्री या वहीची मागची पानं चाळताना सापडलं. १२ जानेवारी : "२५ मिमीच्या ठोकळ्यात ०.००८." कॉलमचा कल. हेड पुढे झुकलेलं, म्हणजे फ्लाय कटरची पुढची कड खोल जाते, आणि मूव्हिंग जॉ पुढेच असतो. तेव्हा दहावा हिस्सा म्हणून सोडून दिला होता. बाकीचे नऊ गेल्यावर हाच मालक झाला.

२ मार्च, रविवार

कॉलम सोडवला. बेसवर चार बोल्ट, पुढच्या-मागच्या जोडीत १७० मिमी. १२० मध्ये ०.०४ काढायचे तर पुढच्या बोल्टांखाली सुमारे ०.०५७ ची पट्टी हवी. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा ०.१ च्या आसपास, जाड. फीलर गेजच्या (फटी मोजायच्या पातळ पानांच्या) जुडीतलं ०.०५ चं पान कापलं. त्याची जागा जुडीत आता रिकामी दिसते, दातांतली फट दिसावी तशी.

कॉलम एकट्याला उचलवेना. पुतणीला बोलावलं. तिने कॉलम कलता धरला, मी पट्ट्या सरकवल्या. "काका, एवढीशी पट्टी? ही तर दिसतही नाही." मी म्हटलं धर नीट.

फिरवून डायल : पुढे-मागे ०.००६. डावी-उजवी ०.०२ तशीच, तिला हात लावला नाही. हेड त्या दिशेला फिरतं, एक दिवस बघू.

९ मार्च, रविवार

तिसरा ठोकळा. २५ मिमीत ०.००२ ते ०.००४ च्या मध्ये काटा थरथरतो. तेवढं माझ्या हाताच्या उबेनेही होतं. पितळेचा ठोकळा मुठीत धरून मोजला आणि मग ग्रॅनाइटवर अर्धा तास ठेवून मोजला, आकडे वेगळे. आता दुपारी गॅरेजचा पत्रा तापतोय, मोजणी सकाळीच करायची.

व्हाईसबद्दल महिन्याभराच्या वापरात कळलेलं. जॉच्या एका टोकाला जॉब धरला तर मूव्हिंग जॉ तिरका होतो, कारण बोल्ट मध्ये एकच आहे. दुसऱ्या टोकाला त्याच मापाचा तुकडा धरावाच लागतो. पिन चुकीच्या खाचेत बसली तर बोल्ट जास्त उभा किंवा जास्त आडवा होतो. उभा झाला की नुसता खाली ओढतो, पकड येत नाही. एकदा जॉब निसटला, एंड मिलचा (कटरचा) एक दात गेला. चूक माझी. बोल्ट ४५ च्या आसपास दिसतोय ना, हे बघून मगच आवळायचं. आणि एलन कीवर पाइप घालून आवळायचं नाही, हे नाना तीनदा बोललेत.

जुना बिडाचा व्हाईस ड्रिलिंग मशीनखाली गेला. फिरता बेस काढून टाकला. ड्रिलला ०.०७ कोण विचारतो.

१६ मार्च, रविवार

बोअर १२ चा, रीमर मारला (भोक नेमक्या मापाचं केलं). ठोकळा आडवा करून बोअरमध्ये पिन घातली आणि घासणाऱ्या बाजूपासून दोन्ही टोकांना मोजलं : ४० मिमीत ०.००८. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ती बाजू आठ-दहा हात घासली, मग पाटीवर निळा लावून फिरवली. डाग अखंड, गोल, मधे कुठे तुटलेला नाही. नानांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिला आणि ठोकळा खिशात घालायला लागले. हातातून काढून घ्यावा लागला.

पोर्टची (वाफेच्या वाटेची) भोकं १.५ ची. पहिलं पडलं. दुसऱ्यात ड्रिल मोडला, तुकडा आत आहे. पितळेतून तो तुरटीच्या गरम पाण्यात ठेवून काढता येतो, पोलाद विरघळतं, पितळ राहतं. पण दोनेक दिवस ठेवावं लागेल. गुरुवारी एमआयडीसी बंद, शुक्रवारी टेल्को रोड : १.५ चे ड्रिल पाच, एंड मिल १० ची एक, फीलर गेज नवी.